तुरुंगातल्या संपादकासाठी

१९३५ साली नॉर्वेच्या नोबेल समितीने शांतता पुरस्कार कोणालाही दिला नाही. त्या वर्षी सगळ्यांत जास्त चर्चा ज्या नावाची होती, ते नाव कार्ल फॉन ओसिएट्स्की. बर्लिनमधून निघणाऱ्या एका छोट्या साप्ताहिकाचे ते संपादक. चर्चा चालू असताना ते हॉलंडच्या सीमेजवळच्या दलदलीत, एस्टरवेगेनच्या छळछावणीत होते. तिथले कैदी हाती फावडी घेऊन ती ओसाड पाणथळ जमीन उपसत असत. समितीने निर्णय पुढे ढकलला, आणि राखून ठेवलेला तो पुरस्कार २३ नोव्हेंबर १९३६ रोजी ओसिएट्स्की यांना जाहीर झाला.

हा पुरस्कार आपोआप मिळाला नव्हता. त्यामागे अडीच वर्षांची एक मोहीम होती. ती चालवणारी माणसं बहुतेक निर्वासित होती. स्वतःचा देश सुटलेला, हातात पैसा नाही, उद्या कुठे राहायचं याची खात्री नाही. पुरस्कार हे त्यांचं साधन होतं, हेतू एकच होता : छावणीतला माणूस जिवंत बाहेर यावा. ओसिएट्स्की यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. या पुस्तकाचा भर मात्र बाहेरच्या माणसांवर आहे. तुरुंगात असलेल्या पत्रकारासाठी बाहेरच्यांनी नेमकं काय करायचं असतं, ते किती किचकट असतं, त्यात काय गमवावं लागतं, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी माणूस ओळखून घेऊ. ओसिएट्स्की यांचा जन्म १८८९ चा, हॅम्बुर्गचा. नावातल्या ‘फॉन’वरून कोणी उमराव समजेल, पण घर साधंच होतं. शाळेची परीक्षा पूर्ण झाली नाही, म्हणून कोर्टात कारकुनी केली. पहिल्या महायुद्धात सैन्यात जावं लागलं. युद्ध संपल्यावर ते बर्लिनला आले, काही काळ जर्मन शांतता संघटनेचे सचिव होते, पण सभा-ठरावांत त्यांचं मन रमलं नाही. ते रमले वर्तमानपत्रात. ‘वेल्टब्यूने’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक झिगफ्रीड याकोबझोन १९२६ च्या अखेरीस अचानक वारले. कुर्ट टुखोल्स्की यांनी थोडा काळ धुरा सांभाळली आणि १९२७ मध्ये ती ओसिएट्स्की यांच्याकडे आली. लाल मुखपृष्ठाचा तो छोटासा अंक. खप हजारांत मोजण्याइतकाच, पण मंत्रालयं आणि लष्करी कचेऱ्या तो न चुकता वाचत.

मार्च १९२९ मध्ये या अंकात जर्मन विमानवाहतुकीवर एक लेख आला. लिहिणारे वाल्टर क्रायझर, लेखाखाली टोपणनाव. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायला बंदी होती. नागरी विमानसेवेच्या आडून लष्कर गुपचूप काय उभं करत आहे, याकडे लेखाचा शेवट बोट दाखवत होता. त्यातला काही भाग तर संसदेच्या अर्थसंकल्प समितीच्या कामकाजात आधीच नोंदलेला होता. तरीही सरकारने देशद्रोह आणि हेरगिरीचा खटला भरला. लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात, बंद दाराआड, नोव्हेंबर १९३१ मध्ये निकाल लागला : दोघांनाही अठरा महिने. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हिटलर अजून सत्तेवर आलेला नव्हता. लोकशाही राज्यघटना चालू होती, न्यायाधीश रीतसर नेमलेले होते, आणि खरी बातमी छापली म्हणून संपादक तुरुंगात जाणार होता.

क्रायझर देश सोडून गेले. ओसिएट्स्की यांनाही जाता आलं असतं, मित्र तसा आग्रह करत होते. ते गेले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सीमेपलीकडून बोलणाऱ्या विरोधकाचा आवाज घरच्या लोकांना लवकरच पोकळ वाटू लागतो. मे १९३२ मध्ये ते बर्लिनच्या टेगेल तुरुंगात दाखल झाले, तेव्हा लेखक-मित्रांचा मोठा घोळका दारापर्यंत पोचवायला आला होता. त्यांच्यासाठीची पहिली मोहीम ही. हजारो सह्यांचा दयेचा अर्ज राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्याकडे गेला आणि फेटाळला गेला. शेवटी त्याच वर्षी नाताळच्या सुमारास राजकीय कैद्यांना सरसकट माफी मिळाली, त्यात ते सुटले. बाहेर राहायला त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, पेटली. निघून जा, असं त्या रात्रीही लोकांनी सांगितलं. पहाटे पोलीस घरी आले.

आता खटला नाही, शिक्षेची मुदत नाही, अपील नाही. आधी श्पांडाउ, मग झोनेनबुर्ग, मग १९३४ पासून एस्टरवेगेन. अठरा महिन्यांची शिक्षा कितीही अन्याय्य असली तरी तिला शेवटची तारीख होती. या कोठडीला नव्हती. मोहीम चालवणाऱ्यांना पहिली अडचण आली ती इथेच. दाद कोणाकडे मागायची? अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा? कायद्याचं दार बंद झालं, की बाहेरच्या माणसाला दुसरं कुठलं तरी दार शोधावं लागतं, आणि ते सापडेपर्यंत आतल्या माणसाचे दिवस जात राहतात.

नोबेलची कल्पना पुढे आली ती बेर्टोल्ड याकोब या पत्रकाराकडून. हे ओसिएट्स्की यांचे सहकारी, तेव्हा स्ट्रासबर्गमध्ये परागंदा. १९३४ च्या वसंतात त्यांनी ती मांडली, पण नामांकनाची मुदत ३१ जानेवारीलाच संपलेली होती. शिवाय नामांकन कोणीही करू शकत नाही. संसद-सदस्य, मंत्री, कायदा, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांचे प्राध्यापक, आधीचे पुरस्कारविजेते अशा ठरावीक लोकांनाच तो अधिकार. म्हणजे वर्ष वाया गेलं. पॅरिसमध्ये मग एक छोटं मित्रमंडळ जमलं. त्यात हेलमुट फॉन गेर्लाख होते, जुने लोकशाहीवादी संपादक. हिल्डे वाल्टर होत्या, ‘वेल्टब्यूने’त लिहिणाऱ्या पत्रकार. स्वीडनमध्ये टुखोल्स्की होते, ऑस्लोमध्ये विली ब्रांट नावाचा विशीतला एक जर्मन निर्वासित, ज्याची नॉर्वेच्या मजूर पक्षात ऊठबस होती. या लोकांनी पुढच्या ३१ जानेवारीकडे डोळे लावून कामाला सुरुवात केली.

या कामाचं स्वरूप नीट पाहावं असं मला वाटतं, कारण आपल्या कल्पनेतली मोहीम म्हणजे मोर्चा, सभा, घोषणा. इथे होती पत्रं. स्वीडिश खासदाराला कोणी ओळखतं का? स्वित्झर्लंडमधला अमुक प्राध्यापक कायद्याचा की अर्थशास्त्राचा? त्याला लिहायचं तर शिफारस कोणाची जोडायची? सोबत ओसिएट्स्की यांच्या कामाची माहिती पाठवायची, पण ती किती आणि कोणती? उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं, आलं आणि नकार असेल तर दुसरं नाव शोधायचं. आइन्स्टाइन, थॉमस मान, रोमाँ रोलाँ, बर्ट्रांड रसेल यांचा पाठिंबा मिळाला आणि त्याने मोहिमेला वजन आलं. तरी समितीच्या टेबलावर पात्र माणसांची नामांकनंच मोजली जाणार होती. १९३६ पर्यंत एकट्या स्विस संसदेतल्या शंभरावर सदस्यांनी सह्या केल्या. या शंभर सह्यांमागे हॉटेलच्या स्वस्त खोल्यांत बसून पाकिटांवर पत्ते लिहिणारी माणसं होती. आपलं नाव कुठे येऊ नये याची ती काळजी घेत होती.

नाव येऊ नये, याला कारण होतं. प्रत्येक राजकीय कैद्याच्या घरच्यांना हा प्रश्न पडतो आणि त्याचं पक्कं उत्तर कोणापाशी नसतं : गाजावाजा करायचा की गप्प राहायचं? बोलावं, तर आतल्या माणसावर राग निघेल. न बोलावं, तर तो गेला तरी कोणाला कळणार नाही. मित्रमंडळाचा मार्ग या दोन्हींच्या मधला होता. निर्वासितांनी आणि कम्युनिस्टांनी पुढे यायचं नाही, कारण मग बर्लिन सहज म्हणेल की हा सगळा शत्रूंचा कट आहे. पुढे यायचं ते परदेशातल्या मध्यममार्गी, प्रतिष्ठित, कोणालाही डावे म्हणता येणार नाहीत अशा लोकांनी. मागून दोर हलवणारे हात दिसता कामा नयेत. टुखोल्स्की यांच्यासारख्या धारदार लेखणीच्या माणसाला हे मौन किती जड गेलं असेल! त्यांचं संबंध आयुष्य बोलण्यात गेलं होतं, आणि मित्रासाठी करायची सगळ्यांत मोठी गोष्ट होती ती गप्प राहण्याची.

याकोब यांच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. मार्च १९३५ मध्ये गेस्टापोने त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बासेलहून पळवून जर्मनीत नेलं. स्विस सरकारने आपल्या भूमीवर झालेल्या या अपहरणाबद्दल उघड आणि कडक निषेध केला, प्रकरण सोडलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीला त्यांना परत करावं लागलं. एका देशाचं सरकार जाहीरपणे पाठीशी उभं राहिलं की काय होतं ते इथे दिसलं. ओसिएट्स्की यांच्या पाठीशी असं सरकार नव्हतं, त्यांचं सरकार हेच त्यांचं जेलर होतं. आणि हान्स लिटन यांची गोष्ट पाहिली तर मन खचतं. १९३१ मध्ये या तरुण वकिलाने हिटलरला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतली होती. त्यांनाही राइशस्टागच्या त्याच रात्री पकडलं. त्यांच्या आईने, इर्मगार्ड लिटन यांनी, पाच वर्षं जंग जंग पछाडलं, ब्रिटनमधल्या कायदेपंडितांपर्यंत विनवण्या पोचवल्या. फेब्रुवारी १९३८ मध्ये डाखाउच्या छावणीत लिटन यांनी गळफास घेतला. तिथे आईच्या प्रयत्नात काही कमी होतं असं कोण म्हणेल?

मोहिमेला आणखी एक किंमत मोजावी लागते आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. कैद्याला सोडवायचं, तर तो सगळ्यांना मान्य होईल असा करून दाखवावा लागतो. नोबेल समितीपुढे ओसिएट्स्की शांततावादी म्हणून ठेवावे लागले. ते होतेच, पण त्याहून अधिक ते विरोधी पत्रकार होते. लष्कराला, न्यायाधीशांना, आपल्याच डाव्या मित्रांनाही न सोडणारे. तो धारदार भाग पत्रकांत मागे पडला. मग विरोधक विचारू लागले, या माणसाने शांततेसाठी असं केलंय तरी काय? मराठी वाचकाला ही अडचण अनोळखी वाटू नये. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सजा झाली, तेव्हा मॅक्समुल्लर आदींनी राणी सरकारकडे दयेचा अर्ज केला. त्यात जोर होता तो ‘ओरायन’ लिहिणाऱ्या वेदाभ्यासकावर, संपादकावर नव्हे. तो अर्ज आणि इतर प्रयत्न मिळून टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सहा महिने आधी सुटले, आणि सुटकेच्या अटींत सत्कार-मिरवणुका स्वीकारायच्या नाहीत अशीही अट होती. सरकारला कशाची धास्ती वाटते ते अशा अटींतून कळतं. पंडिताला सोडता येतं, संपादकाला सोडणं जड जातं. मोहीम चालवणारे हे ओळखून पंडिताला पुढे करतात. मला यात लबाडी दिसत नाही. पण सुटका झाल्यावर, किंवा मरणानंतर, त्या माणसाचा लपवलेला भाग परत जागेवर ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते, आणि ती बहुधा राहून जाते.

१९३५ हे साल मोहिमेसाठी फार कठीण गेलं. ऑगस्टमध्ये गेर्लाख वारले. नोव्हेंबरमध्ये नॉर्वेचे सर्वांत मोठे लेखक आणि स्वतः साहित्याचे नोबेलविजेते क्नुट हामसुन यांनी वर्तमानपत्रांत लेख लिहून छावणीतल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसावर टीका केली. त्याला जर्मनीतून जाता आलं असतं, मुद्दाम राहिला, असा त्यांचा सूर होता. नॉर्वेच्या लेखकांनी हामसुन यांचा जाहीर निषेध केला, आणि ज्यांना तोवर ओसिएट्स्की हे नाव माहीत नव्हतं त्यांनाही ते या वादामुळे माहीत झालं. डिसेंबरमध्ये टुखोल्स्की गेले. मित्राला पुरस्कार मिळाल्याचं त्यांना कळलंच नाही.

त्याच शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे कार्ल बुर्कहार्ट छावण्या पाहायला जर्मनीत आले. एस्टरवेगेनमध्ये त्यांनी ओसिएट्स्की यांना भेटण्याचा हट्ट धरला. छावणीच्या अधिकाऱ्याने टाळाटाळ केली, ते बधले नाहीत. थोड्या वेळाने दोन एसएस शिपायांनी एका लहानखुऱ्या माणसाला जवळजवळ उचलूनच आणलं. चेहरा पांढराफटक, अंग थरथरतंय, एक डोळा सुजलेला, दात पाडलेले, एक पाय मोडून वेडावाकडा जुळलेला. बुर्कहार्ट यांनी सांगितलं की मी तुमच्या मित्रांकडून निरोप घेऊन आलो आहे. कैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने अडखळत आभार मानले, आणि मित्रांना सांगा, आता शेवट जवळ आहे, अशा अर्थाचं काही तरी बोलला. या भेटीपाशी थोडं थांबावं. वर्षभर पॅरिसमध्ये बसून पाकिटं चिकटवणाऱ्यांना आपलं काम कुठे पोचतं आहे याचा पत्ता नव्हता. ते इथे पोचलं होतं. बाहेर कोणी तरी आपलं नाव घेतंय, एवढं आतल्या माणसाला कळलं होतं.

पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये ऑलिम्पिक होतं आणि परदेशी पाहुण्यांपुढे चेहरा स्वच्छ दिसायला हवा होता. मे १९३६ मध्ये ओसिएट्स्की यांना क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत बर्लिनच्या पोलीस इस्पितळात हलवलं गेलं. ७ नोव्हेंबरला त्यांची कोठडीतून औपचारिक सुटका झाली, पुरस्कार जाहीर होण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी. यामागची घाई उघड आहे. ऑस्लोमध्येही ताण होताच. परराष्ट्रमंत्री हाल्फडान कोहट आणि माजी पंतप्रधान मोविंकल समितीच्या या निर्णयातून बाजूला झाले, म्हणजे तो सरकारचा निर्णय ठरू नये. पुढे तर विद्यमान मंत्र्याने समितीत बसू नये असा नियमच झाला. पुरस्कार नाकारा, असा दबाव हिटलरचा मंत्री गोअरिंग याने स्वतः ओसिएट्स्की यांच्यावर आणला. आजारी, पहाऱ्यातल्या, पत्नीच्या पुढच्या आयुष्याची चिंता लागलेल्या त्या माणसाने तो स्वीकारल्याचं कळवलं. ऑस्लोला जायला परवानगी मिळाली नाही. पुरस्काराची रक्कम ज्या वकिलाच्या हाती सोपवली त्याने तिचा बराचसा भाग हडप केला. हिटलरने जानेवारी १९३७ मध्ये जर्मन नागरिकांना कोणतंही नोबेल घ्यायला बंदी केली. त्या फर्मानामुळे कून, बुटेनांट आणि डोमाक या तीन शास्त्रज्ञांना पुढे आपले पुरस्कार नाकारावे लागले.

४ मे १९३८ रोजी बर्लिनमधल्या एका इस्पितळात, पोलिसांच्या नजरेखालीच, ओसिएट्स्की वारले. वय अठ्ठेचाळीस.

मग मोहीम यशस्वी झाली की नाही? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्यामागचा सूर मला ओळखीचा आहे : शेवटी माणूस वाचला नाहीच ना? मी याला हो म्हणणार नाही. एस्टरवेगेनमध्येच मेले असते तर त्यांची नोंद ‘आजाराने मृत्यू’ अशी एका ओळीची झाली असती. मोहिमेमुळे ते तिथून बाहेर आले, पलंगावर झोपले, पत्नीच्या सहवासात दीड वर्ष राहिले आणि एका सर्वशक्तिमान मंत्र्याला नकार देण्याची संधी त्यांना मिळाली. त्यांच्या निमित्ताने छळछावणी हा शब्द युरोपातल्या खासदारांच्या टपालात शिरला. राज्यसत्तेला एका माणसाबद्दल उत्तरं द्यावी लागली. याकोब यांना मात्र १९४१ मध्ये लिस्बनहून पुन्हा पळवलं गेलं आणि या वेळी युद्धाच्या धामधुमीत कोणतंही सरकार त्यांच्यासाठी उभं राहिलं नाही. १९४४ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. ज्याने पहिलं पत्र लिहिलं त्याच्यासाठी पत्रं लिहायला कोणी उरलं नव्हतं. ऑस्लोतला तो विशीतला निर्वासित, विली ब्रांट, पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि १९७१ मध्ये त्यालाही शांततेचं नोबेल मिळालं.

हे सगळं आज मराठीत का? पत्रकार-संरक्षण समिती दर वर्षी १ डिसेंबरला जगभरच्या तुरुंगांतल्या पत्रकारांची मोजणी करते. २०२४ मध्ये तो आकडा ३६१ होता. यातल्या प्रत्येकामागे कोणी तरी अर्ज लिहीत आहे, वकील शोधत आहे, बोलावं की गप्प राहावं या विचाराने रात्र काढत आहे. २०१० मध्ये चीनच्या लिऊ शिआओबो यांची खुर्ची ऑस्लोच्या व्यासपीठावर रिकामी राहिली आणि २०१७ मध्ये ते कैदेतच वारले, तेव्हा ओसिएट्स्की यांचं नाव पुन्हा सगळीकडे आलं. २०२१ मध्ये मारिया रेस्सा आणि दिमित्री मुरातोव यांना शांतता पुरस्कार मिळाला तेव्हाही. दर वेळी ते नाव दाखला म्हणून येतं आणि जातं. त्यामागची पत्रं, मुदती, चुकलेली वर्षं आणि गिळलेला राग येत नाही. मला तेच मराठी वाचकापुढे ठेवायचं आहे. सहीसाठी कोणी कागद पुढे केला की ‘याने काय होणार’ असं आपण सहज म्हणून जातो. त्याचं उत्तर या पानांत तपशिलाने मिळेल, कधी आशादायक, कधी नाही.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ओसिएट्स्की यांच्या मुलीच्या, रोझालिंडे यांच्या प्रयत्नांवर आहे. वडील पकडले गेले तेव्हा त्या लहान होत्या. पुढे त्यांना इंग्लंडला आणि मग स्वीडनला पाठवण्यात आलं. म्हातारपणी त्यांनी जर्मन न्यायालयाकडे मागणी केली की १९३१ चा खटला पुन्हा उघडावा, कारण बातमी खरी होती आणि ती छापणं हा गुन्हा नव्हता. ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठाला ओसिएट्स्की यांचं नाव द्यायला जवळजवळ दोन दशकं लागली, १९९१ मध्ये ते अधिकृतपणे मिळालं. त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मनीच्या संघीय न्यायालयाने रोझालिंडे यांची मागणी फेटाळली. देशद्रोहाचा तो निकाल रद्द झालेला नाही.